दीड हाताची हद्द

भैरवनाथाच्या देवळाची शेवटची पायरी उतरली की सेहेचाळीस पावलांवर घर. शिवानीला हे पाठ होतं. नऊ वर्षांची होईपर्यंत तिनं ती पावलं रोज दोनदा मोजली होती. म्हणून डिसेंबरातल्या त्या सकाळी वेल्ह्याहून आलेल्या एसटीतून ती करंजवाडीत उतरली, ग्रामपंचायतीतून चुन्याच्या फक्कीची पिशवी घेतली, देवळाच्या पायरीला टाच लावून उभी राहिली आणि मोजत निघाली.

सेहेचाळिसाव्या पावलाला थांबली. समोर पत्र्याचं छप्पर होतं, खाली मातीचा अर्धा कूड, शेजारी पेंढ्याची गंजी.

"बरंच बदललंय," ती स्वतःशीच म्हणाली आणि वाकून रेघ मारायला लागली.

तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला वळली तेव्हा आतून एका म्हशीनं तोंड बाहेर काढलं आणि अगदी जवळून तिच्याकडे पाहिलं.

"ओ मॅडम... म्हस पण तुमच्यातच धरली का?"

शिवानी सरळ उभी राहिली. गंजीच्या पलीकडे एक तरुण उभा होता. हातात दुधाचं रिकामं कॅन, अंगात बाह्या दुमडलेला शर्ट, केसांत पेंढ्याची एक काडी. तो हसत नव्हता, पण न हसण्यासाठी त्याला कष्ट पडत होते.

"ही जागा सावळारामांची आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी दहाला मोजणीचा ड्रोन येणार आहे. ज्यानं त्यानं आपल्या हद्दीवर फक्की मारायची, असं पत्र आलंय."

"व्हय, आम्हाला पण आलंय. मग माझी जागा कुठली?"

"ते मी कसं सांगू? तुमची तुम्ही शोधा."

"आणि ही तुमची, हे कशावरनं?"

"देवळापासून सेहेचाळीस पावलं."

त्यानं कॅन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे... आणि या वेळी जरा जास्त वेळ.

"चप्पल कितीची घालता?"

"काय?"

"न्हाई, हिशेब सांगतो. पावलं मोजलीत नऊ वर्षांच्या पोरीची आणि टाकलीत आत्ताच्या पायांनी. एकच घर पुढं आलात, हे बरं झालं. आणखी उंची वाढली असती तर ओढ्यात गेला असता."

शिवानीनं मागे वळून पाहिलं. गोठ्याच्या अलीकडे घाणेरीच्या झुडपांत दगडी जोत्याची एक कड दिसत होती. येताना ती त्या जागेवरून सरळ पुढे आली होती. तिला ते कुणाचं तरी पडीक आवार वाटलं होतं.

"मी नऊ वर्षांची होते, हे तुम्हाला कसं माहीत?"

"कारण तुझ्या दारापर्यंत मला चव्वेचाळीस लागायची," तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा होतो ना."

इंद्रजित. हनुमंतकाकांचा इंद्रजित. किकवीहून निघताना वडिलांनी, म्हणजे सावळाराम आप्पांनी, दिलेल्या सूचनांपैकी पहिलीच अशी होती : त्या घरातल्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. शिवानीनं मनातल्या मनात मोजलं. तिची पाच-सहा वाक्यं तर बोलून झाली होती.

*

भांडणाची गोष्ट शिवानीला जेवढी माहीत होती, ती अशी.

दोन घरं शेजारी शेजारी, मध्ये एक बोळ, बोळात हद्दीचा एक दगड. आडनावं वेगळी, पण सावळाराम आणि हनुमंत एकमेकांच्या भातलावणीला आधी जायचे, मग स्वतःच्या. अठरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सावळाराम पडकी भिंत बांधायला निघाले. मोजलं, तर बोळातला दगड दीड हात त्यांच्या बाजूला सरकलेला. ते म्हणाले, दगड हनुमंतनं सरकवला. हनुमंत म्हणाले, मी बोट लावलं नाही. पंच बसले. दगड पुरताना त्याच्याखाली कोळसा घालायची गावची जुनी रीत आहे. दगड हलतो, कोळसा जागेवर राहतो, कुजतही नाही. पंच म्हणाले, खणून बघू. हनुमंत म्हणाले, खणायचं तर आधी मी चोर आहे असं म्हणा. सावळाराम म्हणाले, म्हणतोच. तिथंच बैठक संपली.

महिन्याभरात सावळारामांनी वरव्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि किकवीला हमरस्त्यालगत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. त्यानंतर ते करंजवाडीत आले नाहीत. मागच्या पावसाळ्याच्या आदल्या पावसाळ्यात घर बसलं, तेव्हाही नाही. आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते काठी घेऊन चालत होते, म्हणून शिवानीला पाठवलं होतं. "दगडावर जाऊ नको," त्यांनी बजावलं होतं. "दगडाच्या पलीकडं दीड हात मोज. तिथं फक्की मार. एक बोटसुद्धा सोडू नको."

शिवानी एका कंपनीत मालाची जाडी तपासायची. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं माल परत पाठवायचा हे तिचं काम होतं. आणि आज ती एक अख्खं घर चुकली होती. याचा तिला राग यायला हवा होता. पण राग यायच्या आधी कुतूहलच वाटलं. पावलं चुकली असतील तर आणखी काय काय चुकलं असेल?

"कोयता आहे?" तिनं विचारलं.

"कुणाला तोडायचंय?"

"घाणेरी."

तो कोयता घेऊन आला, पण तिच्या हातात दिला नाही. स्वतःच झुडपं तोडायला लागला. शिवानी जोत्यावर उभी राहून त्याला प्रश्न विचारू लागली. आठवणीतलं गाव किती खरं, हे गावात गेल्यावर कुणाला तरी विचारायचंच असं तिनं ठरवलं होतं. ज्याला विचारायचं नाही, तोच तेवढा समोर होता.

"शाळेचं दार निळं होतं."

"हिरवं."

"निळं. मला पक्कं आठवतंय."

"तुझं दप्तर निळं. दार हिरवं. पुढं?"

"शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता. दोरीनं बांधलेला."

"बरोबर. एक मार्क."

"अजून आहे?"

"तुकडा हाय. पोरं न्हाईत. दोघंच उरली, ती बी आता वेल्ह्याला जातात."

तिनं जोत्यावरचं एक वाळलं पान पायानं उडवलं. मग म्हणाली, "ओढ्यावर करंजाची दोन झाडं होती."

"तीन. एक तुला दिसायचं न्हाई, कारण तू कायम त्याच्यावर चढून बसलेली असायचीस."

ती हसली. तोडता तोडता तो थांबला आणि तिचं हसणं संपेपर्यंत थांबून राहिला. तिच्या ते लक्षात आलं. मग तिनं उगाच तोरण्याकडे बघितलं. झुंजार माचीवर ढग उतरला होता.

"आणि तोरणा एवढा जवळ नव्हता," ती म्हणाली.

"तो हलला न्हाई बघ. त्याची शपथ घेतो मी."

"देवळाच्या पायऱ्या उंच होत्या. एक चढायला हात टेकायला लागायचा."

"तुला गाव आठवत न्हाई, शिवानी," तो म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. "तुला तुझी उंची आठवती."

हे वाक्य तिला आवडलं. ते तिनं त्याला सांगितलं नाही.

*

दुपारी अडीचला आभाळ भरून आलं. डिसेंबरात कुणी पावसाच्या तयारीत नसतं. हनुमंतांच्या खळ्यावर झोडलेल्या भाताची रास उघडी पडली होती. टपोरे थेंब पत्र्यावर वाजले आणि घरातून इंद्रजितच्या आईची, ठकुबाईंची हाक आली.

"इंद्राऽऽ! भात! आरं भात भिजलं!"

इंद्रजित पळाला. शिवानी एक क्षण उभी राहिली. ते भात त्या घरचं होतं. मग तीही पळाली.

ताडपत्रीची दोन टोकं त्यानं धरली, दोन तिनं. वारा तिच्या बाजूनं आत शिरत होता. ताडपत्री फुगून तिला उचलू बघत होती.

"बस तिच्यावर!" तो ओरडला.

"काय?"

"कोपऱ्यावर बस! खाली!"

ती कोपऱ्यावर बसली. दुसऱ्या कोपऱ्यावर दगड ठेवत ठेवत तो आला आणि तिच्याशेजारच्या कडेवर येऊन बसला, कारण दगड संपले होते. पाऊस दहा मिनिटं पडला. तेवढा वेळ दोघं इंद्रायणी जातीच्या चार-पाच खंडी भातावर वजन म्हणून बसून राहिले. पाणी तिच्या कानामागून मानेवर उतरत होतं. त्याच्या केसांतली पेंढ्याची काडी भिजून कपाळावर चिकटली होती. सकाळपासून तिला ती काढावीशी वाटत होती...

तिनं काढली.

तो समोरच्या दगडांकडे बघत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले. थंडीनं, असं तिनं ठरवलं.

पाऊस थांबला तेव्हा म्हशीभोवतीची चुन्याची रेघ पांढरं पाणी होऊन वाटेवर वाहत होती. आणि पडवीत टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या ठकुबाई शिवानीकडे पाहत होत्या.

"सावळाभावजींची पोर न्हवं तू?"

"हो, काकी."

"मग उभी काय ऱ्हायलीस? आत ये. भांडाण बाप्यांचं हाय, चहाचं न्हाई." त्यांनी तिचं डोकं स्वतःच खसाखसा पुसलं. "आज चार वाजंपातूर त्ये न्हाईत घरी. शेतावर गेल्यात. तवर पी निवांत."

चहा कोरा होता.

"दूध?" शिवानीनं विचारलं.

"म्हस रागावली," इंद्रजित म्हणाला. "तिला विचारल्याबिगर नावावर करून घेतली ना."

ठकुबाई भाताकडे गेल्या. पडवीत दोघंच राहिले. समोर बोळ होता आणि बोळात तो दगड. दोन वीत वर आलेला, एका बाजूला शेवाळ धरलेला. एवढासा. शिवानीच्या आठवणीत तो कमरेएवढा होता.

"इंद्रजित, खरं सांग. तो कुणी हलवला असेल असं तुला वाटतं?"

त्यानं कप खाली ठेवला. अंगठ्यानं त्याची कड पुसली.

"सांगितलं तर तू परत यायची न्हाईस हितं."

"आणि नाही सांगितलंस तर मी जायचीच नाही."

"मग न सांगणंच बरं."

"इंद्रजित..."

"आपण," तो म्हणाला. "तू आणि मी. दिवाळीच्या किल्ल्यासाठी."

*

किल्ला तिला आठवत होता. किकवीच्या शाळेत तिनं सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगितलं होतं. बोळात बांधलेला तोरणा, नाचणी पेरून उगवलेलं हिरवंगार गवत, चुलीतली राख टाकून केलेल्या वाटा, आणि सगळ्यात वर, कुणाच्याच किल्ल्याला नव्हता असा काळाभोर बालेकिल्ला. तो दगड आला कुठून, हा प्रश्न तिनं अठरा वर्षांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता.

"मोठी माणसं भात कापायला गेलेली," इंद्रजित सांगत होता. "तू म्हणालीस, वरचा दगड असला-तसला नको. मी पहार आणली. दोन दिवस खपत होतो आपण. मग तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडला आणि दगड परत पुरला. मातीनं खड्डा भरून गेलेला. कुठं होता ते दोघांना बी कळंना. तू पावलं मोजलीस आणि म्हणालीस, हितंच."

"मी मोजली?"

"तूच मोजायचीस सगळं."

तिनं हात बघितले. नखांत माती नव्हती, पण असल्यासारखी वाटली.

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"पंच बसले त्या दिवशी आबांना सांगितलं. त्यांनी कानफटात दिली. म्हणाले, सावळ्याच्या पोरीसाठी खोटं बोलतोस? बापाला चोर म्हणत्यात आणि तुला किल्ले सुचत्यात?" त्यानं खांदे उडवले. "मग पुन्हा न्हाई सांगितलं. तवर तुमचा टेम्पो भरला होता."

शिवानीला तो टेम्पो आठवला. मागे बसून ती रडली होती, आणि आप्पा पुढे बसून एकदाही मागे न बघता गेले होते. दीड हातासाठी त्यांनी गाव सोडलं होतं. किकवीच्या त्या दोन खोल्यांत दर दिवाळीला ते म्हणायचे, तुझ्या बापाला त्यानं दीड हातानं फसवलं. आणि ती मान डोलवायची.

त्यांना हे सांगायचं? चालताना काठी लागणाऱ्या माणसाला? की तुमचा राग चुकीच्या माणसावर होता, आणि ज्या माणसावर हवा होता तिला तुम्ही रोज डबा भरून देत होता?

"नको सांगू," इंद्रजित म्हणाला. तिनं काही विचारलं नव्हतं. "जुनाच वाद उद्या दोन्ही घरांकडनं परत नोंदवू. कागदावर 'वाद' राहील. राहू दे."

"आणि तुझ्या आबांवरचा आळ?"

त्यानं गालावरून हात फिरवला.

"पहार आहे का अजून?" ती म्हणाली.

"शिवानी, दीड हात तिकडं म्हंजे आमच्या पडवीची मेढ, हा खांब, येतो मध्ये. पडवी मागनं वाढवली."

"माहीत आहे. दिसतंय मला."

त्यानं मेढीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग उठून पहार आणली.

*

पावसानं जमीन मऊ झाली होती. शिवानीनं दगडापासून दीड हात मोजला, या वेळी आप्पांचा हात केवढा असेल त्याचा अंदाज घेऊन. इंद्रजित खणत होता, ती हातानं माती काढत होती. हातभर खोल गेल्यावर पहारीला काळं लागलं.

"काय चाललंय?"

हनुमंत वाटेवर उभे होते. डोक्यावर वैरणीचा भारा, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. त्यांनी भारा टाकला आणि पुढे आले. इंद्रजित थांबला नाही. शिवानीनं मातीतून एक खडा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

हनुमंतांनी तो तळहातावर चोळला. कोळसा. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि ते गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसले.

"आमच्या आज्यानं टाकलेला असणार ह्यो," ते म्हणाले. मग खडा मुठीत धरून म्हणाले, "म्हंजे सावळ्या खरं बोलत हुता."

"तुम्हीपण खरंच बोलत होता, काका."

"मग खोटं कोण बोललं?"

"कुणीच नाही. आम्ही किल्ला केला होता. दगड आम्ही काढला आणि चुकीच्या जागी पुरला."

हनुमंतांनी मुलाकडे पाहिलं. "तू मला सांगितलं हुतंस."

"व्हय, आबा."

"आन म्या हाणलं."

"व्हय."

"कुठल्या गालावर?"

"आता ध्यानात न्हाई."

"खोटं बोलतुयास," हनुमंत म्हणाले. ते उठून गोठ्यात म्हशीकडे गेले. म्हशीला पाणी पाजायची वेळ झाली नव्हती, तरी त्यांनी पाजलं.

शिवानीनं मोबाईल काढला. गावात रेंज एकाच ठिकाणी यायची, देवळाच्या पारावर. इंद्रजित बरोबर निघाला, पण पारापासून दहा पावलं दूर थांबला.

"आप्पा, दगड मी हलवला होता."

पलीकडे किकवीच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग दुसरा. तिनं सगळं सांगितलं, न थांबता, न रडता. 

"कितवीला होतीस तू?" आप्पांनी विचारलं.

"चौथीला."

"एकटीनं उचलला?"

"इंद्रजित होता."

"त्यानं घरी सांगितलं नाही?"

"सांगितलं. मार खाल्ला."

तिसरा ट्रक गेला. तो बराच लांब होता.

"आणि आज खणलं कुणी?"

"त्यानंच. त्यांच्या पडवीची मेढ काढावी लागेल आता."

"माहीत असून खणलं?"

"हो."

शिवानीनं मोबाईल कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला. आप्पांच्या श्वासाचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता.

"मला तुझ्यावर रागवायचंय," शेवटी ते म्हणाले. "फोनवर नीट जमणार नाही. आल्यावर रागावतो. आता हनम्याला दे."

हनुमंतांना पारावर आणायला इंद्रजितला दोनदा जावं लागलं. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला आणि "बोल" म्हणाले. पुढचं फक्त त्यांच्याच बाजूचं ऐकू आलं.

"व्हय... व्हय... न्हाई, चुकलं कुणाचंच न्हाई... कुठला गुडघा?... डावा?... माझा उजवा गेलाय... म्हातारा तू, मी न्हाई... ये की. येल्ह्याहून साडेआठची गाडी हाय. आरं कुणी अडवलंय तुला? तूच बसलास तिकडं रुसून..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण हनुमंत पाराच्या पलीकडच्या बाजूला वळले होते आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाशी धरला होता.

ऊन उतरत होतं. तोरण्यावरचा ढग निघून गेला होता. इंद्रजित आणि शिवानी पाराच्या कडेवर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"तुझं लग्न का नाही झालं?" तिनं विचारलं.

"बघायला गेलो तीन ठिकाणी. एक म्हणाली, शेती करतोस. दुसरी म्हणाली, वेल्ह्याकडं राहतोस. तिसरीचं न्हाई कळलं. ती म्हशीचं नाव ऐकून हसली."

"काय नाव आहे म्हशीचं?"

"सांगणार न्हाई. तुला पण हसू येईल." त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं, "आणि तुझं?"

"दोन स्थळं आली. दोघांनीही विचारलं, गाव कुठलं? मी किकवी म्हणाले. आणि दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटलं." ती थांबली. "हितलं नाव तोंडातून निघायचं नाही."

"आत्ता काय म्हणालीस?"

"काय?"

"'हितलं'. काही न्हाई," तो म्हणाला. आणि मधली जागा थोडी कमी झाली. कुणी सरकलं ते सांगता येणार नाही. दगडाच्या बाबतीत झालं तसंच झालं असावं, दोघांनी मिळून.

*

सकाळी साडेनऊला एसटीतून सावळाराम उतरले. आधी काठी, मग पाय. हनुमंत फाट्यावर अर्ध्या तासापासून उभे होते.

"जाड झालायस," सावळाराम म्हणाले.

"तू वाळलायस."

एवढंच. मग हनुमंतांनी त्यांच्या हातातली काठी घेतली आणि तिच्या जागी स्वतःचा खांदा दिला. उजवा गुडघा गेलेला माणूस आणि डावा गुडघा गेलेला माणूस असे एकमेकांना धरून बोळापर्यंत आले. वाटेत सावळाराम एकदा थांबले आणि लेकीला म्हणाले, "रागवायचं राहिलंय, विसरलेलो नाही." पण ते म्हणताना त्यांची नजर तिच्याकडे नव्हती. ती मेढ काढत असलेल्या इंद्रजितकडे होती, आणि ते त्याला बारकाईनं निरखत होते.

भूमापक आनंदराव पावणेदहाला आले. चष्मा नाकावर, हातात फाईल. वेल्ह्यापासून इथपर्यंतच्या गावांत त्यांनी इतके वाद नोंदवले होते की मिटलेला वाद बघून ते गोंधळले. त्यांनी खड्डा बघितला, कोळसा बघितला, टेप लावला. मग दगड खऱ्या जागी बसवला गेला आणि चुन्याची नवी रेघ मारली गेली. रेघ मारायला डबा हनुमंतांनी धरला आणि सावळाराम काठीनं दिशा दाखवत राहिले.

"इथं एक टिपण करावं लागेल," आनंदराव म्हणाले. "दगड हलवल्याबद्दल. दोन्ही धारकांच्या सह्या, आणि खाली दोन साक्षीदार. कोळसा निघाला तेव्हा हजर कोण होतं?"

"ही दोघं," हनुमंत म्हणाले.

"या दोघांनी सह्या करायच्या मग." आनंदरावांनी फाईल जोत्यावर उघडली. इंद्रजित एका बाजूला बसला, शिवानी दुसऱ्या. "एक मात्र विचारून घेतो. एक साक्षीदार या घरातला, एक त्या घरातला, ठीक आहे. पण साक्षीदारांचं आपसात नातं नको. उद्या कुणी म्हणायला नको की ठरवून केलं. तुमचं दोघांचं काही नातं?"

"न्हाई," इंद्रजित म्हणाला.

आनंदरावांनी शिवानीकडे बघितलं. ठकुबाई चहाचे कप घेऊन येत होत्या, त्या जागीच थांबल्या. सावळाराम हनुमंतांशी काहीतरी बोलत होते, ते मध्येच थांबले.

शिवानीनं पेन हातात घेतलं. इंद्रजितकडे बघितलं. त्याचे कान लाल व्हायला लागले होते, आणि आज थंडीही नव्हती.

"अजून नाही," ती म्हणाली.

आनंदरावांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग फाईल तिच्यापुढे सरकवली.

"मग सही आजच करून टाका."